अजबबंगल्यातली पाटी

“हे कोणी खरं मानन नाही, मी आधीच सांगून ठेवतो,” असं म्हणून डोमाजीनं बशी तोंडाला लावली आणि चहा संपेपर्यंत टपरीवरच्या तिघांना ताटकळत ठेवलं. चौतीस वर्षं अमरावतीला एस.टी.च्या वर्कशॉपात गाड्यांच्या पाट्या रंगवलेला माणूस. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्याचा हात थरथरत नव्हता, आणि जीभ तर जन्मात कधी थरथरली नव्हती. “एकदा ‘चांदूर बाजार’ अशी पाटी लिहिली मी. गाडी उभी स्टँडवर. भातकुलीले लग्नाले निघालेलं अख्खं वऱ्हाड आलं, पाटी पाहली, अन् काय अक्षर आहे बाप्पा म्हणून त्याच गाडीत चढलं. चांदूर बाजारले उतरले, बाजार केला, वांगे घेतले, संध्याकायी वापस. घरी आल्यावर आठवलं का आपल्याले लग्नाले जायचं होतं.” “अन् नवरदेव?” किसनरावांनी विचारलं. ते त्याच वर्कशॉपातले जुने फिटर. प्रश्न कुठं विचारायचा हे त्यांना पाठ होतं. “नवरदेव तं डायव्हरच्या बाजूले बसला होता. वांग्याची थैली त्याच्याच मांडीवर.” तिघंही हसले, टपरीवाला हसला, आणि त्या हसण्यातच डोमाजीच्या खिशातला फोन वाजला. “बाबा, तिकिटं काढली,” रश्मी अकोल्याहून बोलत होती. शाळेतून बोलत असावी. मागं पोरांचा गलका होता. “पुढच्या मंगळवारची गाडी. बुधवारी आपण मुंबईले. आईले सांगजा, तिचं म्युझियम पाहणं झालंच समज म्हणा.” डोमाजीच्या हातातली बशी रिकामी होती, तरी तिच्यातून काहीतरी आपल्या पायावर सांडलं असं त्याला वाटलं, आणि त्यानं खाली वाकून पायही पाहिला. पाय कोरडा होता. “काय झालं गा?” किसनराव म्हणाले. “काही नाही. पोरगी मुंबईले नेऊन राहिली.” “अजबबंगला दाखवाले? चला बाप्पा, सव्वीस वर्सांनी का होईना, धर्माचं चित्र तं पाहाल.” किसनराव हे हसत म्हणाले नाहीत, हे वाईट झालं. हसत म्हणाले असते तर डोमाजीला पुढं काहीतरी सुचलं असतं.

नागपूरच्या म्युझियमला लोक अजबबंगला म्हणतात, म्हणून डोमाजी मुंबईच्या मोठ्या म्युझियमला मुंबईचा अजबबंगला म्हणायचा. तिथं, वरच्या मजल्यावर, थंड हवेच्या दालनात, आपल्या पोरानं, धर्मेंद्रनं काढलेलं चित्र टांगलेलं आहे, असं तो सांगत आला होता. धर्मेंद्र एकोणिसाव्या वर्षी चार दिवसांच्या तापानं गेला. त्यानं एस.टी.च्या एका जुन्या पाटीवर चित्र काढलं होतं. मुंबईचे एक साहेब अमरावतीच्या डेपोत गाडी बिघडली म्हणून अडकले, त्यांनी ते चित्र पाहिलं, दोन तास त्याच्यासमोर उभे राहिले, गाडी दुरुस्त होऊन निघून गेली तरी त्यांना पत्ता नाही, आणि शेवटी हे इथं ठेवणं पाप आहे असं म्हणून चादरीत गुंडाळून सोबत घेऊन गेले. दरवर्षी या गोष्टीला एकेक पान फुटत गेलं. एका वर्षी दालनाच्या दाराशी स्टुलावर बसलेला पहारेकरी आला. एका वर्षी चित्रापुढं लाल दोरी आली. एका वर्षी एक परदेशी बाई तिथं उभी राहून रडली आणि पहारेकऱ्यानं तिला पाणी दिलं. यातलं खरं एवढंच होतं की धर्मेंद्र होता, त्याच्या बोटांना कायम रंग असायचा, एका जुन्या पाटीवर त्यानं काहीतरी काढलं होतं, आणि तो गेला. टपरीपासून घरापर्यंतचा रस्ता डोमाजी रोज सात मिनिटांत चालायचा. आज तो चालताना भिंतींवरची अक्षरं वाचत गेला, दवाखान्यांची, शिकवणीवर्गांची, छापलेली, चकचकीत. एकाही अक्षराला माणसाचा हात लागलेला नव्हता, आणि त्या सगळ्या अक्षरांच्या मागं दुसरी कुठली तरी अक्षरं दडलेली आहेत असं त्याला सारखं वाटत राहिलं.

त्याची बायको जाईबाई दारातच बसली होती, उजेडाकडे तोंड करून. काचबिंदूनं तिचा डावा डोळा केव्हाच गेला होता, आणि उजव्यात आता जग एका पोकळ बांबूतून पाहावं तसं मधोमध उरलं होतं, आजूबाजूला काळं. अकोल्याच्या डॉक्टरनं रश्मीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की जे दाखवायचं ते या वर्षात दाखवून घ्या. ते बाजूला घेऊन सांगितलेलं जाईबाईला स्पष्ट ऐकू गेलं होतं. घरी येताना ती एवढंच म्हणाली होती, “मले काही ताजमहाल नाही पाहाचा. धर्माची पाटी पाहीन.” त्या दिवशीच डोमाजीनं समजून चुकायला हवं होतं. पण पोरगी विसरेल, तिची शाळा, तिचा संसार, तिकिटं मिळणार नाहीत, असा त्याचा हिशेब. “रश्मीचा फोन होता,” तो आता म्हणाला. “मंगळवारची गाडी.” जाईबाईनं मान त्याच्याकडे वळवली. आवाजाकडे आधी आणि चेहऱ्याकडे मग, अशी ती हल्ली दोन टप्प्यांत वळायची, आणि तो दुसरा टप्पा डोमाजीला सोसायचा नाही. “तिथं धूळ पुसत असतील का हो?” तिनं विचारलं. “नागपूरच्या अजबबंगल्यात तं वाघाच्या अंगावरही धूळ होती.” “तिथं मुंबईत मशीन आहे पुसाले. हवा मारते. हातच नाही लावत कोणी.” “बरं,” ती म्हणाली. सव्वीस वर्षं ती असाच एखादा लहानसा प्रश्न विचारत आली होती, वर्षातून एकदा, धर्मा गेला त्या तारखेच्या आसपास. खिळा एकच मारला की दोन? त्या साहेबानं पावती दिली होती का? रात्री तिथला दिवा मालवतात का? आणि प्रत्येक उत्तरावर तिचं ते ‘बरं’. डोमाजीला ते ‘बरं’ लागायचं, जसं गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. आपण तिला दरवर्षी पोरगा थोडा थोडा परत आणून देतो, असं त्याला वाटायचं.

आठवडाभर त्यानं जे केलं ते त्यालाही नंतर हसू येण्यासारखं होतं, हसू आलं असतं तर. पहिल्या दिवशी त्यानं रश्मीला फोन करून सांगितलं, की मुंबईचं म्युझियम डागडुजीसाठी बंद आहे, किसनरावाच्या भाच्यानं डोळ्यांनी पाहिलं. तासाभरानं रश्मीचा फोन आला, “बाबा, मी विचारलं. चालू आहे. सोमवारी बंद राहते फक्त, म्हणून तं मंगळवारची गाडी घेतली.” दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं की तिथं वर जायला साठ पायऱ्या आहेत, आईचे गुडघे. “लिफ्ट आहे बाबा. अन् चाकाची खुर्चीही देतात, मी नाव लिहून ठेवलं.” तिसऱ्या दिवशी चित्रच जर्मनीला गेलं. मोठी म्युझियमं एकमेकांना चित्रं उसनी देतात, असं त्यानं कुठं तरी ऐकलं होतं, आणि ते वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं की क्षणभर त्यालाच पटलं, बोटीतून जाणारी एस.टी.ची पाटी त्याला दिसली. रश्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. खोटं बोलणारं पोर ओळखण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. पण हे पोर तिचा बाप होता, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो तिचा मोठा भाऊ. धर्मा गेला त्या वर्षी ती अचलपूरला मावशीकडे शिकत होती. चित्र तिनं पाहिलेलं नव्हतं, आणि जे पाहिलं नाही त्याच्यावर तिनं लहानपणापासून विश्वास ठेवला होता. “तुमाले कोणी सांगतलं जर्मनीले गेलं म्हणून?” “असंच. कानावर आलं.” “मग मी त्यायले विचारूनच घेतो. लिहितो एक पत्र, का बाबा हे चित्र आहे का तिथं, अन् कोणत्या दालनात आहे. म्हणजे आईले फिरवत बसाचं काम नाही.” अशी त्याची प्रत्येक थाप त्या प्रवासाला आणखी एक चाक लावून देत होती. रात्री, म्हणजे जेवणं झाल्यावर लगेच, जाईबाई अंधारात तिची नवी पातळं हातानं चाचपून घडी घालायची. म्युझियमला जायचं म्हणून तिनं निळं काढून ठेवलं होतं. डोमाजी भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मनातल्या मनात वाक्य जुळवायचा. ‘ऐक वं, तुले एक सांगाचं होतं.’ इथपर्यंत ते वाक्य उत्तम होतं. पुढं त्याला शब्द मिळत नव्हता. सगळे शब्द त्यानं आधीच दुसऱ्या कामाला लावले होते.

मुंबईची गाडी अमरावतीहूनच सुटत होती, पण जाईबाईचा डोळा एकदा तपासून मगच जायचं असं रश्मीनं ठरवलं, म्हणून सोमवारी सकाळी दोघं एस.टी.नं अकोल्याला निघाली. गाडीच्या कपाळावर विजेची पाटी होती. तिच्यावर तांबडी अक्षरं उजवीकडून यायची, डावीकडे निघून जायची, ‘अकोला’ पुरतं व्हायच्या आत त्याचा ‘अ’ संपलेला असायचा. डोमाजीनं जाईबाईला खिडकीशी बसवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत सांगून टाकू, त्यानं ठरवलं. बाहेर तुरी फुलावर होत्या, काळी जमीन मधेमधे ओलसर दिसत होती, आणि जाईबाई त्या बांबूएवढ्या उजेडातून एकेक झाड वेगळं पाहत होती. त्याला तो दिवस आठवला. आठवला म्हणणंही खोटं, तो दिवस कधी गेलाच नव्हता. धर्माला जाऊन तीन आठवडे झाले होते, घरी भंतेजी येऊन पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, आणि डोमाजी कामावर रुजू झाला तो बहिरमच्या यात्रेच्या तोंडावर. जादा गाड्या सुटणार, जादा पाट्या हव्या, आणि कोऱ्या पाट्या शिल्लक नाहीत. फोरमन म्हणाले, घरी जुन्या नेलेल्या असतील तर आणा. घरी मागच्या पडवीत सहा होत्या. भंगारात निघालेल्या पाट्या तो घरी आणायचा, एखादीचं पाण्याच्या टाक्यावर झाकण व्हायचं, एखादीचा कोंबड्यांना आडोसा. धर्मा त्यांच्यावर चित्रं काढायचा. पहाटेच्या धुक्यात डोमाजीनं त्या सहाही एकावर एक रचल्या, तोंडाला तोंड लावून, सुतळीनं सायकलला बांधल्या, आणि निघाला. त्यातली एक धर्माची आहे हे त्याला माहीत होतं का? इथं तो सव्वीस वर्षं येऊन थांबत होता. धर्मा शेवटच्या महिन्यात कुठली तरी एक पाटी कोणाला दाखवत नव्हता. “पुरी झाली का दाखवतो बाबा,” म्हणाला होता, भिंतीकडे तोंड करून उभी करायचा. ती कुठली, कुठं उभी होती, तापाच्या त्या चार दिवसांत कोणी ती उचलून इतरांत रचली, हे काहीही त्या पहाटे त्याच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात काहीच नव्हतं. हात होते, सुतळी होती, सायकल होती.

पाटी रंगवण्याचा एक नियम असतो. तो डोमाजीला वर्कशॉपातल्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितला होता: जुनं नाव वाचायचं नाही. जुन्या पाटीवर पांढऱ्याचे दोन हात मारून नवं गाव लिहायचं असतं, आणि पांढरा मारताना जुनं गाव डोळ्यांत गेलं की ते हातात उतरतं. डोमाजीनं नवखेपणी ते वाचलं होतं आणि अंजनगावच्या गाडीला अचलपूर लिहून ठेवलं होतं. चाळीस माणसं भलत्या गावी उतरली, ही त्याची एकमेव गोष्ट जी खरी होती आणि म्हणून तो कधी कुणाला सांगत नसे. तेव्हापासून तो पांढरा मारताना पाटीकडे पाहतच नसे. नजर समोरच्या भिंतीवर, थोडी वर, आणि हात चपटा ब्रश घेऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत, जसा आंधळा माणूस भिंत चाचपत जातो. त्या दिवशीही त्यानं सहा पाट्या बाकावर ओळीनं मांडल्या, धुळीचं फडकं मारलं, आणि भिंतीकडे पाहत पांढरा सुरू केला. चौथ्या पाटीवर ब्रश अडला. अक्षराचा रंग असा जाड नसतो. अक्षर सपाट असतं, ब्रश त्याच्यावरून सरकून जातो. इथं काहीतरी उंचवटा होता, खरखरीत, कोणी थरावर थर चढवावा तसा, एका जागी वाकडा, एका जागी गोल. हातानं ते सांगितलं, अगदी स्पष्ट सांगितलं. डोमाजी भिंतीकडेच पाहत राहिला. भिंतीवर पाल होती, ती त्याला आजही दिसते, शेपूट तुटकी. आणि हातानं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि त्या जाड जागेवर दाबून फिरवला, दोनदा, तीनदा, ती सपाट होईपर्यंत. का? पाहिलं असतं तर तिथं पोरगा असता, आणि तो अजून बोटांना रंग लागलेला असता. तेव्हा तो पाहायला तयार नव्हता. उद्या पाहू, असं वाटलं असेल. पांढऱ्याच्या खालून काही कुठं जात नाही, असंही वाटलं असेल. मूर्तिजापूरला गाडी थांबली, शेंगदाणेवाला चढला. “शेंगदाणे घेता?” जाईबाईनं विचारलं. “घे तू,” तो म्हणाला. गाडी सुटली. बोरगावच्या आधी नक्की सांगू, असं त्यानं ठरवलं.

पाट्या रंगवल्या त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा जाईबाई मागच्या पडवीत उभी होती, रिकाम्या भिंतीसमोर. “धर्माची पाटी कुठं गेली?” तिनं विचारलं. रडून विचारलं असतं तर तो रडला असता, आणि सगळं तिथंच संपलं असतं. तिनं कणकेचा डबा कुठं गेला असं विचारावं तसं विचारलं, आणि डोमाजीच्या जिभेनं, जी आयुष्यभर टपरीवर लोकांना हसवत आली होती, त्याला न विचारता उत्तर दिलं. मुंबईचे एक साहेब आले होते. चादर, दोन तास, निघून गेलेली गाडी, सगळं त्याच एका श्वासात. आणि ती अजून उभीच आहे हे पाहून त्यानं शेवटी तिला काहीतरी द्यावं म्हणून दिलं: “तुह्यंच तं चित्र होतं वं. चुलीजवय बसलेलं. म्हणून तं त्या साहेबाचा पाय निघे ना.” दुसऱ्या कोणाचं असणार? पोरगा अंगणात बसून रंगवायचा, आणि समोर सैपाकघराच्या दारात दिवसभर तीच तर असायची. जाईबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा तिचे दोन्ही डोळे धड होते. बराच वेळ पाहिलं. मग “बरं” म्हणाली आणि भाकर करपू नये म्हणून आत गेली. तिचं मन हलकं झालं, असं डोमाजीला वाटलं होतं. नंतरचं वर्षभर तो सुट्टीच्या दिवशी डेपो हिंडला. अचलपूर, चांदूर बाजार, दर्यापूर. पाट्यांची अक्षरं तपासायची आहेत म्हणायचा, आणि कोपऱ्यात जाऊन खिशातलं थिनरचं फडकं पाटीच्या कडेला घासायचा. सहांतल्या चार पाट्यांवर त्यानं बहिरम लिहिलं होतं, दोहोंवर परतवाडा, आणि चौथी कुठली होती हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्यानं पाहिलंच नव्हतं. चांदूर बाजारला एकदा कडेखालून निळा निघाला. तो पाटी घेऊन खालीच बसला, आणि नखानं, मग किल्लीनं खरवडत राहिला. निळ्याखाली आणखी निळा, आणि त्याच्यावर जुन्या वळणाचं ‘वरूड’. एस.टी.चाच रंग होता तो. डेपोचा वॉचमन जवळ येऊन म्हणाला, “काय शोधून राहिले पेंटरबाबा?” “सोनं,” डोमाजी म्हणाला, आणि वॉचमन हसला.

अकोल्याच्या डॉक्टरनं डोळ्यात थेंब टाकले, प्रकाश मारला, आणि जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मंगळवारी दुपारी रश्मीच्या घरी पिशव्या दारापाशी भरून ठेवलेल्या होत्या. जावई, नितेश, रेल्वेत खायला म्हणून दशम्या आणि चटणीचा डबा बांधून कामावर गेला होता. गाडीला अजून पाच तास होते. जाईबाई नेसून बसली होती, निळं पातळ, केस चापून, जणू पाटी उठून तिलाच भेटायला येणार होती. रश्मी खुर्चीत फोन घेऊन बसली होती. “त्या म्युझियमच्या साइटवर दादाचं नाव सापडत नाही, बाबा. पण सगळीच चित्रं तिथं टाकली नाहीत असं लिहून आहे. त्यायले एक मेल टाकून ठेवतो. कोणी काढलं, कधी काढलं, केवढं आहे, काय आहे, एवढं कळवलं का ते शोधून ठेवतील.” ती बोलत बोलत बोटानं टाइप करत होती. “कालकथित धर्मेंद्र डोमाजी. सन अठ्ठ्याण्णव. माप काय असन?” “साडेतीन फूट लांब, सव्वा फूट उंच,” डोमाजी म्हणाला. हे सांगताना त्याला आत कुठं तरी बरं वाटलं. हे खरं होतं. “कशावर काढलं?” “पत्र्यावर. लाकडी चौकट. ऑइल पेंट.” हेही खरं होतं. खऱ्याच्या दोन पायऱ्या तो चढला होता, तिसरीही तशीच निघेल असं क्षणभर वाटलं. आता म्हणावं, ‘लिहू नको पोरी.’ पण समोर ती निळं पातळ नेसून बसली होती, हात मांडीवर, चेहरा पंख्याच्या वाऱ्याकडे, आणि तिच्या त्या उरलेल्या एवढ्याशा उजेडात आज संध्याकाळपर्यंत तरी एक भिंत होती, भिंतीवर एक खिळा, खिळ्यावर तिचा पोरगा. तो उजेड आपण आज मालवायचा की उद्या परक्या माणसांसमोर मालवू द्यायचा? “अन् चित्रात काय आहे?” रश्मीनं विचारलं. “नीट सांगा बाबा, त्यायले ओळखू आलं पायजे.”

डोमाजीनं डोळे मिटले आणि सांगू लागला. इतकी वर्षं सांगितलं होतं, पण लिहून घेणाऱ्याला, सरकारी पत्रासाठी, असं कधी सांगितलं नव्हतं. चुलीजवळ बसलेली बाई, तो म्हणाला, तुझी माय, तरणी. डोक्यावरून पदर. हातात सूप, सुपात तुरीची डाळ, आणि डाळीचा एकेक दाणा वेगळा दिसतो. चुलीचा तांबडा उजेड एका गालावर, दुसरा गाल अंधारात. मागं कोनाड्यात दिवा. पायाशी मांजर. ती चित्रातून पाहणाऱ्याकडे पाहत नाही, खाली सुपाकडे पाहते, पण आता मान वर करील असं वाटतं, म्हणून माणूस तिथून हलत नाही. सांगता सांगता त्याला ते दिसत होतं; सव्वीस वर्षांत त्यानं ते चित्र एकट्यानं पुरं केलं होतं, थरावर थर चढवून, आणि या घडीला ते त्या पाटीपेक्षाही खरं होतं. रश्मीनं नाक ओढलं. “फारच छान आहे, बाबा,” ती म्हणाली, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवू लागली, मास्तरणीच्या स्वच्छ आवाजात: “‘चित्राचा विषय: चुलीजवळ बसलेली चित्रकाराची आई...’”

“खोटं,” जाईबाई म्हणाली.

रश्मीचं बोट थांबलं. पंखा फिरत राहिला. “काय खोटं, आई?”

“मी नव्हती त्या पाटीवर.” तिनं मान वळवली, आधी आवाजाच्या दिशेनं आणि मग चेहऱ्याकडे, आणि तो डोळा डोमाजीवर येऊन थांबला. “मांजर नव्हतं, दिवा नव्हता. तुमी होते. बाकावर वाकलेले, जीभ दातात धरून, तुमी लिहितानी धरता तशी. एका पायातली चप्पल निघालेली. पोट्ट्यानं महिनाभर वर्कशॉपच्या खिडकीतून तुमाले पाहून पाहून काढलं, अन् घरी आल्यावर रोज मले दाखवे. बाबाले सांगू नको म्हणे, पयले पुरं होऊ दे.” तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. “मी म्हटलं, हे आपणहून आज खरं सांगतीन, उद्या सांगतीन. अजबबंगल्यात असो, नाही तं नाल्यात असो, मी कधी खोदून विचारलं का? पण सव्वीस वर्सं ‘तुह्यं चित्र, तुह्यं चित्र’ करून राहिले.”

“जाई...”

“तुमी पाहलंच नाही ते.”